पराभवाचे बक्षीस

१७ मे २०२३ ची पहाट. शाळेला उन्हाळी सुट्टी असल्याने मी जरा निवांत होतो. परसात झाडांना पाणी घालत असतानाच फोन वाजला. पलीकडे माझा एक जुना विद्यार्थी. तो अमेरिकेत मिशिगन राज्यात मोटारींच्या धंद्यात इंजिनिअर आहे. परदेशातून अशा अवेळी फोन आला की आपल्या काळजात धस्स होते. पण तो म्हणाला, “सर, घाबरू नका, सगळे ठीक आहे. आमचा डेट्रॉइटचा संघ यंदा शेवटून पहिला आला होता. आत्ताच सोडत झाली, तीत पाचवा नंबर लागला. तुमची आठवण झाली म्हणून फोन केला.”

शेवटून पहिला आलेला संघ सोडतीत पाचवा लागला म्हणजे काय झाले आणि त्यात हळहळण्यासारखे काय, हे मला त्या वेळी काडीचेही कळले नाही. माझी आठवण का झाली, ते मात्र तत्काळ कळले. ते पुढे ओघाने येईलच.

मी इतिहासाचा एम.ए. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेला क्रीडाशिक्षक नव्हता, म्हणून बास्केटबॉलचा संघ माझ्या गळ्यात पडला होता. या खेळाशी माझा संबंध तेवढाच. पण त्या फोननंतर सुट्टीभर मी या सोडतीचा इतिहास वाचत गेलो, आणि वाचता वाचता हा विषय खेळाच्या पानावरचा राहिला नाही. दुर्बलाला मदत करण्यासाठी नियम करायचा, आणि त्या नियमामुळेच लोकांना दुर्बल होण्याचा मोह पडायचा, ही गोष्ट चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या कुणालाही अनोळखी नाही.

प्रथम मूळ व्यवस्था सांगतो. युरोपात फुटबॉलचा संघ तळाला गेला की खालच्या श्रेणीत ढकलला जातो. अमेरिकेतल्या एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेत तसे नाही. तिथे तीस संघ आहेत. कुणी कितीही हरला तरी पुढच्या वर्षी तो तिथेच असतो. मग सगळे संघ साधारण तुल्यबळ राहावेत यासाठी नव्या खेळाडूंची वाटणी उलट्या क्रमाने करायची: जो सर्वांत दुबळा, त्याने त्या वर्षीच्या नव्या मुलांतून पहिली निवड करायची. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात आणि ती १९४७ पासून चालत आली आहे. क्रिकेटमध्ये अकरांतला एक खेळाडू थोर निघाला तरी उरलेल्या दहांचे ओझे तो एकटा वाहू शकत नाही. बास्केटबॉलमध्ये मैदानात असतात पाच जण. त्यांतला एक असामान्य असला तर दहा-पंधरा वर्षे त्या शहराचे नशीब पालटते. म्हणून पहिल्या निवडीचे मोल फार.

आरंभी या वाटणीत एक घरगुती सोय होती. आपल्या परिसरातला एखादा नामवंत विद्यार्थी-खेळाडू संघाला हवा असेल, तर पहिल्या फेरीतली आपली पाळी सोडून तो थेट घेता येई. प्रेक्षक आपल्या गावच्या पोराला पाहायला येतील, हा हिशेब. विल्ट चेंबरलेन शिकला कॅन्सस विद्यापीठात, पण त्याची माध्यमिक शाळा फिलाडेल्फियातली. तेवढ्या धाग्यावर १९५९ मध्ये फिलाडेल्फियाने त्याच्यावर हक्क सांगितला आणि तो मिळवलाही. (शाळेच्या दाखल्याला इतकी किंमत आलेली पाहून एका मुख्याध्यापकाला बरे वाटले, हे कबूल करतो.) ही सोय १९६५ नंतर बंद झाली. १९६६ पासून दोन्ही विभागांतले तळाचे दोन संघ एकमेकांसमोर उभे राहू लागले आणि छापा-काटा होऊ लागला.

नाणेफेकीचा काळ एकोणीस वर्षांचा. त्यातल्या दोन फेकी प्रसिद्ध आहेत. १९६९ मध्ये मिलवॉकी आणि फीनिक्स हे दोन नवजात संघ समोरासमोर आले. बक्षीस होते ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. फीनिक्सने छापा मागितला, काटा पडला. मिलवॉकी १९७१ मध्ये विजेता झाला. फीनिक्सला २०२५ पर्यंत एकदाही विजेतेपद मिळालेले नव्हते. दुसरी फेक १९७९ ची. शिकागोने छापा की काटा हे प्रेक्षकांचे मत घेऊन ठरवले. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण त्या दिवशी तो काट्याच्या बाजूला होता. लोकांनी छापा सांगितला आणि मॅजिक जॉन्सन लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे गेला. लेकर्स काही तळाचा संघ नव्हता. न्यू ऑर्लिन्सची पाळी जुन्या व्यवहारात त्यांच्या हाती आलेली होती. १९८० मध्ये ते विजेते झाले. भुकेल्यासाठी वाढलेले ताट विकताही येते, ही या व्यवस्थेतली फट तेव्हापासूनची.

खरी गडबड झाली १९८३-८४ च्या हंगामात. ह्यूस्टनचा संघ आधल्या वर्षी तळाला गेला होता, नाणेफेक जिंकला होता आणि राल्फ सॅम्पसन हा उंच खेळाडू त्याला मिळाला होता. पुढच्या वर्षी अकीम ओलाजुवान हा त्याच ह्यूस्टन शहरातल्या विद्यापीठाचा खेळाडू उपलब्ध होणार, असे दिसू लागले. सॅम्पसन असूनही संघ हंगामाच्या उत्तरार्धात घसरत गेला. शेवटच्या दिवसांत एल्विन हेज हा अडतीस वर्षांचा, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा खेळाडू एका सामन्यात जादा वेळेसह सर्वच्या सर्व ५३ मिनिटे मैदानात ठेवला गेला. हेजच्या कारकिर्दीची एकूण मिनिटे बरोबर ५०,००० भरली, तेव्हा त्या थोर खेळाडूला निरोप म्हणून खेळवले, असेही म्हणता येईल. ह्यूस्टनचे विजय भरले २९, आणि त्याच पश्चिम विभागातल्या सॅन डिएगोचे ३०. एका सामन्याच्या फरकाने ह्यूस्टन तळाला राहिला, पुन्हा नाणेफेक जिंकला आणि ओलाजुवान घेऊन गेला. नाणेफेक हरलेल्या पोर्टलंडने सॅम बोवी निवडला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोच्या वाट्याला जो आला तो मायकेल जॉर्डन! म्हणजे एवढा खटाटोप करून पहिल्या दोघांनाही जॉर्डन दिसला नाही. पण ओलाजुवाननेही ह्यूस्टनला १९९४ आणि १९९५ अशी दोन विजेतेपदे दिली. तेव्हा आवळा देऊन कोहळा काढल्याचा आरोप अगदीच बिनबुडाचा नव्हता.

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

१९९८ साली जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धेत आमचा संघ प्रथमच उपांत्य फेरीच्या दारात होता. गटातला एक सामना उरला होता आणि तो आम्ही सहज जिंकणार होतो. जिंकलो असतो तर आमच्या गटात पहिले. पण दुसऱ्या गटात अनपेक्षित निकाल लागून सर्वांत बलाढ्य शाळा दुसऱ्या क्रमांकावर घसरली होती, आणि पहिल्याची गाठ पलीकडच्या दुसऱ्याशी पडायची होती. हरलो तर तुलनेने सोपा संघ समोर येणार होता. मी सत्तावीस वर्षांचा, नवा शिक्षक. कागदावर आकडेमोड केली आणि मुलांना झाडाखाली बसवून सांगितले, आज फार जोर लावू नका. कप्तान पंधरा वर्षांचा होता. तो म्हणाला, “सर, हरायचे म्हणजे नेमके काय करायचे? बॉल बास्केटात टाकायचाच नाही का?” मी म्हणालो, “टाका. पण जपून.” असले उत्तर माझ्या तोंडून कसे गेले, कोण जाणे.

मुले हरली. मुद्दाम हरण्याची सवय नसल्याने फारच वाईट हरली. पाहणाऱ्यांच्या लक्षात आले आणि ते हसले. दुसऱ्या दिवशी त्या ‘सोप्या’ संघानेही आम्हांला हरवले, कारण पोरांच्या अंगात खेळच उरला नव्हता. परतीच्या एस.टी.त कुणी माझ्याशी बोलले नाही. त्या कप्तानाने या गोष्टीबद्दल नंतर मला एका शब्दानेही विचारले नाही. पंचवीस वर्षांनी त्याने मिशिगनहून पहाटे फोन केला.

ह्यूस्टनच्या त्या हंगामानंतर संघटनेने नाणेफेक बंद केली. तेव्हा डेव्हिड स्टर्न नुकतेच कमिशनर झाले होते. १२ मे १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात बाद फेरीला न पोचलेल्या सात संघांचे सात लिफाफे एका पारदर्शक पिंपात टाकून फिरवले आणि स्टर्ननी एकेक काढला. सर्वांना समान संधी. बक्षीस होते जॉर्जटाउनचा पॅट्रिक युइंग, आणि तो मिळाला न्यूयॉर्कला. मोठे शहर, मोठी बाजारपेठ. तेव्हा लिफाफा ओळखता यावा म्हणून गोठवून थंड ठेवला होता, त्याचा कोपरा दुमडला होता, अशा कंड्या पिकल्या त्या अजून विझलेल्या नाहीत. पुरावा कुणी दिलेला नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढली तरी गावात कुजबुज होतेच. मात्र ज्याच्यावर खरा अन्याय झाला, त्याची चर्चा कमी झाली. गोल्डन स्टेट हा संघ २२ विजय आणि ६० पराभव असा, इंडियानाच्या जोडीने, सर्वांत तळाला होता. त्याला मिळाला सातवा क्रमांक, म्हणजे सातांतला शेवटचा.

या सात लिफाफ्यांबद्दल एक फार उद्बोधक अभ्यास आहे. बेक टेलर आणि जस्टिन ट्रॉग्डन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये तीन हंगाम तपासले: नाणेफेकीचा १९८३-८४, समान लिफाफ्यांचा १९८४-८५, आणि दुबळ्याला जादा संधी देणारी सोडत आल्यानंतरचा १९८९-९०. बाद फेरीची आशा संपलेले संघ पहिल्या आणि तिसऱ्या हंगामात अपेक्षेपेक्षा जास्त हरले. मधल्या वर्षी तसे दिसले नाही. तळाला जाऊन काही जादा मिळणार नाही म्हटल्यावर हरणे थांबले, आणि मिळेल म्हटल्यावर पुन्हा सुरू झाले. संघ तेच, खेळ तोच. नियम बदलला की माणसाचे वागणे किती लवकर बदलते, याचा इतका स्वच्छ दाखला मला इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडला आहे.

पण समान लिफाफे टिकले नाहीत. गोल्डन स्टेटसारखी गत कुणाची होऊ नये म्हणून १९८७ पासून फक्त पहिल्या तीन जागा सोडतीने ठरू लागल्या. १९९० मध्ये अकरा संघांना एकूण ६६ संधी वाटल्या: सर्वांत दुबळ्याला ११, त्याच्या वरच्याला १०, असे उतरत शेवटच्याला १. मग १९९३ मध्ये गंमत झाली. ऑर्लँडोचा संघ ४१ जिंकून ४१ हरलेला, इंडियानाशी बरोबरीत असूनही जेमतेम बाद फेरी हुकलेला. त्याच्याकडे ६६ पैकी एकच संधी होती आणि तीच निघाली. तीही सलग दुसऱ्या वर्षी, कारण १९९२ मध्ये शकील ओ’नील त्यांनाच मिळाला होता. अवघे ११ सामने जिंकलेला डॅलस चौथा गेला. लगेच आरडाओरड झाली आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९४ पासून सर्वांत दुबळ्याची संधी शेकडा २५ झाली.

सोडतीचे यंत्रही तेव्हाच बदलले. १ ते १४ आकडे घातलेले पिंगपाँगचे चेंडू यंत्रात घुसळायचे आणि चार काढायचे. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मी विचारले, तर त्यांनी खडूनेच टेबलावर मांडून दाखवले: चौदातून चार निवडण्याचे प्रकार १००१. त्यांतला एक सोडून द्यायचा आणि उरलेले हजार प्रकार संघांना ठरल्या प्रमाणात वाटायचे. यंत्र उत्तम, शंकेला जागा नाही. पण यंत्राची सचोटी आणि नियमाची सचोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेकडा २५ चा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. सगळ्यांत धीटपणे तो दाखवला फिलाडेल्फियाने. सॅम हिंकी नावाचा हिशेबी व्यवस्थापक २०१३ मध्ये आला. मधल्या दर्जाचा संघ होऊन राहण्यापेक्षा काही वर्षे तळाला राहावे, चांगले खेळाडू विकून पुढच्या निवडी गोळा कराव्यात, असे त्याचे उघड धोरण. तीन हंगामांत विजय अनुक्रमे १९, १८ आणि १०. प्रेक्षकांतले काही तर या ‘प्रक्रिये’चे भक्त झाले! इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मैदानातला खेळाडू मुद्दाम हरत नाही. त्याची रोजीरोटी खेळावर आहे. हरण्याची तजवीज कार्यालयात होते. चांगला खेळाडू विकला जातो, दुखरा गुडघा आठवडाभर जास्त दुखतो, नवख्याला जास्त वेळ मिळतो. १९९८ साली मी जे केले ते याहून वाईट होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्यांनी निदान खेळणाऱ्यांना समोर बसवून तसे सांगितले नव्हते.

२०१४ मध्ये सुधारणेचा ठराव आला. बाजूने १७, विरुद्ध १३ मते पडली. लागत होती २३, तेव्हा ठराव पडला. आज तळाला असलेल्याला आणि उद्या तळाला जाण्याची भीती असलेल्याला हा नियम सारखाच प्रिय. २०१७ मध्ये मात्र २८ विरुद्ध १ मताने बदल मंजूर झाला आणि २०१९ च्या सोडतीपासून लागू झाला. तळाच्या तिघांना प्रत्येकी शेकडा १४ संधी, आणि सोडत पहिल्या चार जागांसाठी. म्हणजे सर्वांत दुबळा संघ पाचव्या जागेपर्यंत घसरू शकतो. नुसता घसरू शकतो असे नाही, तर तशी शक्यता जवळजवळ निम्मी, शेकडा ४७.९. माझ्या विद्यार्थ्याच्या डेट्रॉइटचे तेच झाले. ८२ पैकी १७ सामने जिंकून तळाला गेलेला संघ पाचवा लागला, आणि व्हिक्टर वेंबान्यामा हा सव्वासात फुटांहून उंच फ्रेंच मुलगा सॅन अँटोनियोला मिळाला. पुढच्या वर्षी डेट्रॉइट १४ सामने जिंकला, पुन्हा तळाला, आणि सोडतीत पुन्हा पाचवा. दुष्काळात तेरावा महिना!

मग न्याय्य सोडत असावी तरी कशी? यावर बऱ्याच जणांनी डोके चालवले आहे. बॉस्टनच्या माइक झॅरेन यांनी चक्राची कल्पना मांडली: तीस वर्षांत प्रत्येक संघाला प्रत्येक क्रमांक एकदा मिळणार, कोणत्या वर्षी कोणता हे आधीच ठरलेले. हरण्याचा मोह समूळ गेला खरा, पण दुबळ्याला मदत हा हेतूही त्याच्याबरोबर गेला. ॲडम गोल्ड यांची कल्पना मला पहिल्यांदा फार आवडली. बाद फेरीची आशा गणिताने संपली की त्या दिवसापासून संघाचे विजय मोजायचे, आणि ज्याचे जास्त त्याला पहिली निवड. दुबळ्याची आशा लवकर संपते, म्हणून त्याला मोजणीसाठी जास्त सामने मिळतात. पण मिळवायचे ते जिंकूनच. अमेरिका आणि कॅनडातल्या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी संघटनेने २०२४ च्या आपल्या पहिल्याच हंगामापासून ही पद्धत घेतली, आणि त्या वर्षी तळाला राहिलेल्या न्यूयॉर्कलाच ती पहिली निवड मिळाली. मला एकच शंका येते. आशा लवकर संपावी म्हणून आरंभीच हरत सुटणारा कुणी निघाला तर? आणि खरोखरच ज्याच्याकडे खेळाडू नाहीत, त्याने शेवटी तरी जिंकायचे कशाच्या बळावर?

महिलांच्या बास्केटबॉल संघटनेने सोडतीसाठी दोन हंगामांची कामगिरी एकत्र धरली, ती वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. मला विचाराल तर मी १९८५ चे समान लिफाफे परत आणीन, पण ते तीन वर्षांच्या एकत्रित कामगिरीत जे तळाचे आठ-दहा असतील त्यांच्यातच टाकीन. ज्याला पहिली निवड मिळाली, त्याचे नाव पुढची काही वर्षे पिंपात जाणार नाही. मार्चमधला एखादा सामना हरून मग कुणाला फारसे मिळणार नाही, आणि जो खरोखर गरीब आहे तो यादीत राहील. त्रुटी यातही आहे. आठवा आणि नववा यांच्या सीमेवर कुणीतरी घुटमळणारच. सीमेवरचा माणूस काय करतो ते डॅलसने २०२३ मध्ये दाखवले आहे: बाद फेरीची आशा शिल्लक असताना प्रमुख खेळाडूंना बसवून ठेवले, कारण पहिल्या दहांबाहेर गेलेली निवड न्यूयॉर्कला द्यावी लागणार होती. साडेसात लाख डॉलर दंड झाला. दहावी निवड मात्र हाती राहिली. दंडाच्या मानाने सौदा वाईट झाला असे डॅलसला वाटले असेल, असे मला वाटत नाही.

आणि चेंडूंचा खोडसाळपणा असा की २०२५ मध्ये याच डॅलसला, शेकडा १.८ एवढ्याच संधीवर, पहिली निवड लागली. तीन महिन्यांपूर्वी आपला सर्वोत्तम खेळाडू लुका डॉन्चिच त्यांनी लेकर्सला देऊन टाकला होता. तळाचा युटा त्या रात्री गेला पाचवा.

डेट्रॉइटचे पुढे काय झाले, तेही सांगतो. दोनदा पाचव्या गेलेल्या त्या संघाने २०२४-२५ मध्ये ४४ सामने जिंकले आणि बाद फेरी गाठली. २०२१ मध्ये पहिल्या निवडीने मिळालेला केड कनिंगहॅम त्यांच्याकडे होताच, म्हणजे सोडतीने त्यांना काहीच दिले नाही असे म्हणता येत नाही. पण मधल्या दोन वर्षांच्या त्या मानहानीचे बक्षीस त्यांना चेंडूंनी दिले नव्हते, हेही खरे.

गेल्या खेपेला तो विद्यार्थी गावी आला तेव्हा शाळेत भेटायला आला होता. बरोबर त्याचा मुलगा होता, तिकडच्या शाळेच्या संघात खेळतो. मैदानावर आमची मुले सराव करत होती, त्यांच्यात तो जाऊन मिसळला. आम्ही दोघे कठड्यावर बसलो. मी धीर करून म्हणालो, “त्या दिवशी मी तुम्हांला तसे सांगायला नको होते.” तो थोडा वेळ मैदानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, त्या दिवशी मी एक बॉल टाकला होता. चुकून आत गेला. आणि मी तुमच्याकडे बघितले, रागावता की काय म्हणून.”

तेवढ्यात त्याचा मुलगा पाणी मागत आला, आणि आम्ही उठलो.